रोगप्रतिकारशक्तीचा वारसा



वसंतातल्या व्याख्यानांत विचाराबरोबर थोडी करमणूकही असावी, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. माझा आजचा विषय मात्र तान्ह्या मुलांच्या आजारांचा आहे. तोही अशा आजारांचा, की ज्यांचे नाव बहुतेकांच्या कानांवरून गेलेले नसते. तरीही खारदांड्यासारख्या वस्तीत हा विषय मी मुद्दाम घेतला आहे. येथे घराला घर लागून आहे, नाते तर त्याहून जवळचे. एखाद्या घरातले मूल गेले की ती बातमी किनाऱ्यापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. पण ते का गेले, हे पुष्कळदा कोणालाच कळत नाही. कोणी न्युमोनिया म्हणतो, कोणी दृष्ट म्हणतो, कोणी नशिबाला बोल लावतो, आणि कोणी हळूच आईकडे बोट दाखवतो. त्याच घरात पुढे दुसरे मूल जन्मते आणि तेही त्याच वाटेने जाते. हे दुसरे मूल वाचवता येते का, हा माझ्या आजच्या व्याख्यानाचा खरा प्रश्न आहे.

प्रथम एक भीती दूर करतो. लहान मूल आजारी पडणारच. बालवाडीत जाणारे मूल वर्षातून सात-आठ वेळा सर्दी-खोकल्याने बेजार झाले, तर त्यात घाबरण्याजोगे काही नाही. मूल खेळते आहे, वजन वाढते आहे, आठवडाभरात बरे होते आहे, तर त्याची प्रतिकारशक्ती आपले काम शिकते आहे असे समजावे. ती लढाई नव्हे, तालीम आहे. मी बोलणार आहे ते ज्यांच्या देहात राखणदारांची एखादी तुकडी जन्मतःच नसते, किंवा असून निकामी असते, अशा मुलांविषयी.

ही राखण चालते कशी? आपल्या त्वचेच्या आत रोगजंतू शिरला, की प्रथम धावतात त्या रक्तातील पांढऱ्या पेशी. त्या जंतूला गिळतात आणि पोटात घेऊन मारतात. दुसरी व्यवस्था प्रतिपिंडांची. हे रक्तात विरघळलेले पदार्थ एकेका जंतूला ओळखून त्याला चिकटतात आणि त्याला निकामी करतात. तिसरी व्यवस्था टी-पेशींची. या पेशी छातीच्या हाडामागील थायमस नावाच्या ग्रंथीत तयार होऊन बाहेर पडतात आणि सगळ्या सैन्याला हुकूम देतात. गंमत अशी की, ही ग्रंथी निरुपयोगी आहे असेच पुष्कळ काळ समजले जाई. तिचे खरे काम १९६१ साली लंडनमध्ये जॅक मिलर यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. नुकत्याच जन्मलेल्या उंदराची थायमस काढली, की तो संसर्गापुढे टिकत नसे.

मूल जन्मते तेव्हा त्याची स्वतःची प्रतिपिंडे जवळजवळ नसतात. पण ते रिकाम्या हाताने येत नाही. गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात. ही माहेरची शिदोरी सुमारे सहा महिने पुरते. तोवर बाळाने स्वतःची चूल पेटवायची असते. ज्याला ती पेटवताच येत नाही, असे मूल सहा महिने अगदी गुटगुटीत दिसते. मग कान फुटू लागतो, छाती भरू लागते, आणि आईबापांना कळत नाही की इतक्या चांगल्या मुलाला झाले तरी काय.

अशा एका मुलाची हकीकत १९५२ साली अमेरिकेतील सैनिकी डॉक्टर कर्नल ऑग्डेन ब्रूटन यांनी प्रसिद्ध केली. आठ वर्षांचा मुलगा. न्युमोनियाचे जंतू त्याच्या रक्तात पुनःपुन्हा शिरत. त्याच्या रक्तद्रवाची तपासणी केली तेव्हा, ज्या भागात प्रतिपिंडे असतात, तो गामा ग्लोब्युलिनचा भागच त्यात सापडला नाही. इतरांच्या रक्तातून वेगळे केलेले गामा ग्लोब्युलिन ब्रूटन यांनी त्याला दरमहा टोचण्यास आरंभ केला आणि त्याचे ते गंभीर आजार थांबले. प्रतिकारशक्तीची जन्मजात उणीव नेमकी दाखवून तिच्यावर उपाय केल्याचे हे पहिले ठळक उदाहरण. या उणिवेला कारण असलेले जनुक सापडले ते पुढे १९९३ साली. आजही अशा मुलांना तीन-चार आठवड्यांनी हेच औषध शिरेतून, किंवा कातडीखाली टोचून देतात. ते तयार होते हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून. म्हणजे हजारो अनोळखी माणसांनी आयुष्यभर सोसलेल्या सर्दी-तापांचा अनुभव त्या एका मुलाच्या कामी येतो.

त्याच १९५२ साली आपल्या मुंबईत एक शोध लागला. परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही रक्ते अशी आढळली, की ती ए, बी, ओ या कोणत्याच गटाशी जुळेनात. ‘लॅन्सेट’ या विलायतेतील वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी ते प्रसिद्ध केले, आणि त्या रक्तगटाला जगभर ‘बॉम्बे’ हेच नाव पडले. ए आणि बी हे गट ज्या एच नावाच्या पायावर उभे राहतात, तो पायाच या रक्तात नसतो. अशी माणसे तब्येतीने ठणठणीत असतात. आपल्याकडे दहा हजारांत एखादा असा निघतो. रक्त घेण्याची वेळ आली तरच त्यांची अडचण होते, कारण त्यांना त्याच गटाचे रक्त लागते.

आता या दोन धाग्यांची गाठ कोठे बसते पाहा. १९९२ साली इस्रायलमधील डॉक्टर आमोस एट्झिओनी यांनी दोन मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. मुलांना वरचेवर जंतुसंसर्ग होत असे, वाढ खुंटलेली होती, आणि रक्त तपासले तर गट निघाला बॉम्बे! फ्युकोज नावाची एक साखर आहे. पेशीच्या आत ती योग्य जागी पोचवणारा वाहकच या मुलांत बिघडलेला होता. एच हा पाया बांधायला ती साखर लागते, आणि पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून वेग कमी करायलाही तीच लागते. साखर न मिळाल्यामुळे दोन्ही कामे बंद पडली. हा विकार अत्यंत विरळा आहे, आणि नेहमीच्या बॉम्बे रक्तगटाच्या माणसांनी त्याची धास्ती घेण्याचे मुळीच कारण नाही. पण परळच्या प्रयोगशाळेत रक्तगट जुळवताना सापडलेली एक विसंगती चाळीस वर्षांनी एका बालरोगाची खूण ठरली.

याच विकाराचा एक थोरला भाऊ आहे. तो तुलनेने अधिक आढळतो आणि मुंबईतील तज्ज्ञांनी अशी पुष्कळ मुले ओळखली आहेत. तो समजायला दांड्यातील माणसांना अवघड जाऊ नये. होडी वाहत्या पाण्यात आहे. जेथे थांबायचे ती जागा दिसते आहे. पण नांगरच नसेल, तर होडी ती जागा सोडून पुढे वाहत जाणार. पांढऱ्या पेशीही रक्ताच्या ओघात अशाच वाहत असतात. जखमेजवळ आल्या की त्या वाहिनीच्या भिंतीला नांगर टाकतात आणि भिंतीतून पलीकडे उतरतात. हा नांगर बनवणारे जनुक बिघडले, तर रक्तात पांढऱ्या पेशींची गर्दी होते आणि जखमेत मात्र एकही पोचत नाही. या मुलांची पहिली खूण नाळेपाशी दिसते. एरवी बाळाची नाळ आठ-पंधरा दिवसांत गळून पडते. या बाळाची तीन-चार आठवडे झाले तरी गळत नाही, बेंबी लाल होते, सुजते. दुसरी खूण अशी की, जखम चिघळते पण तिच्यात पू होत नाही. आपण पुवाला घाण समजतो. वास्तविक पू म्हणजे लढून पडलेल्या पांढऱ्या पेशींचा ढीग. जेथे लढायला कोणी पोचलेच नाही, तेथे पू कोठून येणार? चिघळणारी जखम आणि पुवाचा थेंब नाही, हे समाधानाचे लक्षण नव्हे.

या सर्व विकारांत भयंकर तो टी-पेशींच्या अभावाचा. राखणदारांना हुकूम देणाराच नसल्यामुळे सगळी व्यवस्था कोसळते. तोंडातील पांढरा चट्टा हटत नाही, जुलाब थांबत नाहीत, वजन वाढत नाही, आणि उपचार झाला नाही तर मूल बहुधा पहिल्या-दुसऱ्या वर्षीच जाते. अमेरिकेतील डेव्हिड नावाच्या मुलाची गोष्ट आपणांपैकी काहींनी वाचली असेल. त्याचा थोरला भाऊ याच विकाराने गेला होता. म्हणून १९७१ साली डेव्हिड जन्मताच त्याला निर्जंतुक प्लॅस्टिकच्या खोलीत ठेवले गेले. तेथे तो बारा वर्षे वाढला. आईचा हात त्याला लागे तो रबरी मोज्यातून. १९८३ च्या अखेरीस बहिणीची अस्थिमज्जा त्याला देण्यात आली, पण तिच्यात एक विषाणू लपलेला होता, आणि १९८४ च्या फेब्रुवारीत तो मुलगा गेला.

परंतु ही गोष्ट येथे संपत नाही. त्याच्याही आधी, १९६८ साली, मिनेसोटा येथे रॉबर्ट गुड यांनी अशाच एका पाच महिन्यांच्या मुलाला बहिणीची अस्थिमज्जा देऊन वाचवले होते. त्या कुळात आईच्या बाजूचे अनेक मुलगे तान्हेपणीच गेले होते. हा मात्र वाढला, मोठा झाला. आज ही मज्जा भावंडाचीच असली पाहिजे असेही नाही. आईबापांची अर्धी जुळणारी मज्जाही वापरता येते. मात्र वेळ साधली पाहिजे. साडेतीन महिन्यांच्या आत मज्जा मिळालेल्या शंभर बालकांपैकी नव्वदाहून अधिक जगतात, असे २०१४ साली अमेरिकेतील मोठ्या पाहणीत दिसून आले. संसर्गाने घेरल्यावर तीच शस्त्रे बोथट होतात. अमेरिकेत २०१८ च्या अखेरीपर्यंत सर्व राज्यांत नवजात बालकाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरून हा विकार शोधण्याची सोय झाली. आपल्याकडे अशी सार्वत्रिक तपासणी नाही. म्हणून आपल्याकडे तो थेंब म्हणजे घराचा इतिहास. आधीचे मूल कसे गेले, हे सांगणारे माणूस हीच आपली तपासणी.

येथे एक नाजूक गोष्ट सांगतो, ती नीट ऐकावी. आपल्याकडे बाळ जन्मले की त्याला क्षयाची बीसीजी लस टोचतात. या लशीत जिवंत पण दुबळे केलेले जंतू असतात. लक्षावधी बालकांना ती सुखरूप मानवते आणि क्षयाच्या उग्र प्रकारांपासून वाचवते. पण ज्या बाळाला टी-पेशीच नाहीत, त्याच्या देहात तो दुबळा जंतूही मोकाट सुटतो. पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरसचे थेंब यांतही जिवंत विषाणू असतात. तेव्हा ज्या घरात एखादे मूल तान्हेपणी वारंवारच्या संसर्गाने गेले आहे, त्या घरातल्या पुढच्या बाळंतपणाआधीच डॉक्टरांना ती हकीकत सांगावी. म्हणजे जिवंत लस देण्यापूर्वी बाळाचे रक्त तपासता येईल. अशा संशयित बाळाला रक्त चढवायचे झाले, तर तेही किरणांनी संस्कारित केलेलेच लागते.

यातून कोणी लशीविरुद्ध अर्थ काढू नये. उलट अर्थ आहे. हिंदुस्थानात देवीची पहिली यशस्वी लस टोचली गेली ती याच मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. प्लेगने शहर ओस पडत असताना हाफकिन यांनी आपली लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली, तीही येथेच. मुंबई लशींच्या आधाराने वाचलेली आहे. आणि ज्या मुलाला स्वतःला लस घेता येत नाही, त्याचे रक्षण भोवतालच्या लस घेतलेल्या मुलांमुळेच होते. शेजारच्या मुलाला गोवर झाला नाही, तर याच्यापर्यंत तो येणार कसा? आपल्या मुलाला लस देणारे आईबाप शेजारच्या दुबळ्या मुलाच्याही पाळण्याला हात देत असतात.

आता वारशाचा हिशोब. तो तिसरीतल्या गणिताएवढा सोपा आहे. यांतील काही विकार आईकडून मुलग्यांना येतात. बाईजवळ एक्स नावाची दोन गुणसूत्रे असतात. एकात खोट असली तरी दुसरे काम चालवते, म्हणून ती स्वतः निरोगी राहते. मुलाजवळ एकच एक्स, आणि तोही आईकडचा. तेव्हा अशा आईच्या प्रत्येक मुलग्याला विकाराची शक्यता निम्मी. म्हणूनच डॉक्टर विचारतात, ‘तुमचा एखादा भाऊ, एखादा मामा लहानपणी गेला होता का?’ हे उत्तर बहुधा आजोळी मिळते. आजीला आठवत असते; तिला कोणी विचारलेले नसते.

दुसऱ्या प्रकारचे विकार आई आणि बाप दोघांकडून एकेक सदोष जनुक आले तरच होतात. नांगराचा विकार यातलाच. दोघेही निरोगी, पण प्रत्येक बाळंतपणात चारांत एक अशी शक्यता. एक मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असा याचा अर्थ नव्हे. प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो.

येथे आपल्या मामेबहिणीशी लग्न करण्याच्या चालीचा विचार करावा लागतो. इरावती कर्वे यांनी १९५३ सालच्या आपल्या नातेसंबंधांवरील ग्रंथात या चालीची चिकित्सा केली आहे; महाराष्ट्रातील अनेक जातींत ती मान्य होती आणि कोठे कोठे आजही आहे. समजा, आजोबांजवळ असे एक सदोष जनुक होते. नातवाकडे ते येण्याची शक्यता चारांत एक, नातीकडेही चारांत एक. दोघांचे लग्न झाले, तर त्यांच्या बाळाला विकार होण्याची शक्यता चौसष्टांत एक. आता त्याच नातवाने परक्या घरातली मुलगी केली, आणि समाजात दोनशेंत एकाजवळ ते जनुक आहे असे धरले, तर शक्यता होते तीन हजार दोनशेंत एक. फरक पन्नासपटींचा झाला. मामाच्या मुलीशी लग्न केलेल्या बहुतेक जोडप्यांची मुले निरोगीच असतात, हेही तितकेच खरे. म्हणून झालेल्या लग्नांबद्दल कोणी खंत करू नये. पण ज्या कुळात तान्ही मुले गेली आहेत, तेथे नव्याने नात्यात सोयरीक जुळवण्यापूर्वी हा हिशोब मांडून पाहावा.

आणि या हिशोबात दोष कोणाचा? कोणाचाच नाही. जनुक कोणी मागून घेतलेले नसते. आईकडून आलेला विकार तिला तिच्या आईकडून आलेला असतो, आणि कधी कधी तर तो कोणाकडूनच न येता त्या बाळातच नव्याने उपजतो. तरीही मूल गेल्यावर सुनेला पांढऱ्या पायाची म्हणणारी घरे आहेत, आणि दुसरे मूल गेल्यावर तिला माहेरी धाडणारीही आहेत. ज्या बाईची साक्ष काढली असती तर तिसरे मूल वाचले असते, तिलाच आपण गप्प बसवतो. यात क्रूरपणा तर आहेच, पण शुद्ध नुकसानही आहे.

पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते, असे आपल्या आज्या सांगत आल्या. ते अक्षर कोणाला वाचता येत नाही, हीच त्या समजुतीतली मेख. रक्तातील हे अक्षर मात्र वाचता येऊ लागले आहे, आणि त्यासाठी फार लांब जायला नको. खार रोडला गाडीत बसून प्रभादेवीला उतरावे; परळ पायी गाठता येते. तेथे १९२६ साली सुरू झालेल्या केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची राष्ट्रीय रक्तविज्ञान संस्था आहे. १९५७ साली रक्तगटांचे संदर्भ केंद्र म्हणून ती सुरू झाली. आज ती या विकारांचे निदान करते आणि गर्भावस्थेतील तपासणीही करते. जवळच मुलांचे वाडिया रुग्णालय आहे, तेथे या विकारांवर उपचार करणारे तज्ज्ञ आहेत. गर्भाचे लिंग सांगण्यास कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. परंतु लिंगाशी निगडित आनुवंशिक विकार शोधण्यासाठी, नियमांत बसणारी तपासणी त्याच १९९४ च्या कायद्याने मोकळी ठेवली आहे. खर्चाचे म्हणाल, तर २०२१ च्या दुर्मिळ रोगांच्या राष्ट्रीय धोरणात यांतील अनेक विकारांचा समावेश आहे, केईएम हे त्यातील नेमलेले केंद्र आहे, आणि २०२२ पासून मदतीची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत वाढवलेली आहे.

मग घरच्या माणसांनी काय लक्षात ठेवावे? वर्षात दोनदा न्युमोनिया, वर्षात चार-पाच वेळा कान फुटणे, महिनोन्‌महिने औषध घेऊनही न हटणारा संसर्ग, खोल अवयवांत पुनःपुन्हा होणारी गळवे, वर्षाच्या वरच्या मुलाच्या तोंडातला न जाणारा पांढरा चट्टा, वजन न वाढणे, लांबलेली नाळ, बीसीजीच्या जागी चिघळून काखेत वाढत जाणाऱ्या गाठी, आणि या सगळ्यांहून बोलकी खूण म्हणजे घरात आधी गेलेले तान्हे मूल. यांपैकी काही दिसले, तर डॉक्टरांना सरळ विचारावे, ‘याची प्रतिकारशक्ती तपासायची का?’ साध्या रक्तगणनेतही पुष्कळ उजेड पडतो. लिंफोसाइट नावाच्या पेशी फार कमी असणे किंवा पांढऱ्या पेशी अवाच्या सवा असणे, यांकडे दुर्लक्ष होऊ नये.

आणखी एक कठीण गोष्ट. मूल अत्यवस्थ असताना तपासणीचा विचार सुचत नाही, आणि मूल गेल्यावर त्याचे कागद पाहवत नाहीत म्हणून ते टाकून देण्याची आपल्याकडे रीत आहे. हे कागद टाकू नयेत. मूल जिवंत असताना त्याचे थोडे रक्त जनुकतपासणीसाठी राखून ठेवायला डॉक्टरांना सांगावे. त्या मुलासाठी उशीर झाला असेलही. पण त्याच्या पाठच्या भावंडाला त्याने दिलेली ती एकमेव वस्तू ठरेल.

पाचशेहून अधिक असे विकार आजवर माहीत झाले आहेत. त्यांतला एकेक विरळा आहे. सगळे मिळून मात्र ते आपल्या गल्लीत कधीतरी येणारच. तेव्हा त्या घरी सांत्वनाला जाल त्या वेळी ‘देवाची मर्जी’ एवढेच म्हणून उठू नका. दिवस-कार्य उलटल्यावर, योग्य वेळ पाहून, त्या आईजवळ बसा आणि तिच्या माहेरी असे पूर्वी कोणी गेले होते का, हे मायेने विचारा. तिला बोलू द्या, आणि तिने सांगितलेले लिहून ठेवून परळला घेऊन जा.